सुरत स्टेशनवर उतरलेला मुलगा आणि माझी हिशोबाची वही



मागच्या रविवारी सत्संगात एक प्रश्न दिला होता, आठवत असेल. प्रत्येक घराने आपल्या ग्रुपवर लिहायचं होतं : "माझ्या आयुष्यातली पाच मूल्यं कोणती?" उत्तरं गोळा करून एकत्र मांडायची सेवा माझ्याकडे होती. दोन दिवसांत मोबाइल भरून गेला. सत्य, प्रेम, सेवा, प्रामाणिकपणा, कुटुंब. पुढचा मेसेज उघडला तर सेवा, सत्य, समाधान, कुटुंब, प्रेम. आजोबांचं तेच, सुनेचं तेच, दहावीतल्या नातवाचंही तेच. मी स्वतः लिहिलेली यादीही अगदी अशीच होती. मला हसूही आलं आणि जरा काळजीही वाटली. आपल्या सगळ्यांची मूल्यं खरोखर एवढी सारखी आणि एवढी चांगली असतील, तर आपल्या घरांत रुसवेफुगवे, लपवालपवी, हिशोबावरून भांडणं होतात ती कोणाची?

तेव्हा लक्षात आलं की आपण विचारलं एक आणि उत्तर आलं दुसऱ्याच प्रश्नाचं. आपण लिहिलं ते आपल्याला *आवडणारे शब्द*. मूल्य म्हणजे ज्याची आपण किंमत मोजतो ते. शब्दातच ते आहे ना? बाजारात एखाद्या वस्तूचं मूल्य आपण बोलून ठरवत नाही, पिशवीतून पैसे काढून ठरवतो.

*सुरत स्टेशनची गोष्ट*

आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील किंवा आजी-आजोबा खानदेशातून तापी लाइनच्या गाडीने सुरतेला आले. कोणी धुळ्याहून, कोणी नंदुरबारहून, कोणी जळगाव-अमळनेरहून. स्टेशनवर उतरले ते पोटासाठी. पण याच स्टेशनवर एक मराठी मुलगा वेगळ्याच कारणासाठी उतरला होता, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं.

25 मार्च 1916. बडोद्याचा वीस वर्षांचा विनायक भावे इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला होता. घरून तसंच सांगून निघाला. गाडी सुरतेला आली आणि तो उतरला. मुंबईची गाडी पुढे गेली, आणि विनायक भुसावळमार्गे काशीला जायला दुसऱ्या गाडीत बसला. वडिलांना पत्र पाठवलं, त्यात परीक्षेला न जाता दुसरीकडे जातोय हे कळवलं, आणि माझ्या हातून काही वाईट घडणार नाही याची खात्री बाळगा, असंही कळवलं. हाच मुलगा म्हणजे पुढचे विनोबा.

ही गोष्ट मी बालसंस्कारच्या वर्गात कितीदा सांगितली असेल! मुलांना फार आवडते, कारण परीक्षा चुकवलेली असते. पण परवा ती परत मनात घोळवताना तीन गोष्टी नव्याने दिसल्या.

पहिली : तो निर्णय सुरतेच्या फलाटावर एका मिनिटात झालेला नव्हता. त्याच्या आधीच एकदा आई चुलीपाशी असताना विनायकाने आपली शाळा-कॉलेजची सर्टिफिकेटं चुलीत घातली होती. आईने विचारलं, हे काय करतोयस? म्हणाला, मला नोकरी करायची नाही, मग हे कागद हवेत कशाला? म्हणजे आतली तयारी आधीपासून चालू होती. स्टेशन फक्त दिसण्याची जागा ठरली.

दुसरी : उतरताना पुढचं सगळं त्यांना ठाऊक नव्हतं. मनात एकीकडे हिमालय होता, एकीकडे बंगालची क्रांती. काशीला काही काळ राहिले, अन्नछत्रात जेवले, संस्कृत शिकले. तिथे गांधीजींच्या बनारसच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार केला, आणि 7 जून 1916 ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. हिमालय राहिला, बंगालही राहिलं. ज्या ठिकाणी जायचं ठरवलं होतं तिथे ते गेलेच नाहीत, पण ज्यासाठी घर सोडलं ते सुटलं नाही. आपण मात्र उलट करतो. मुक्कामाचं ठिकाण घट्ट धरतो, म्हणजे अमुक डिग्री, अमुक एरियात फ्लॅट, अमुक घरात मुलगी. कशासाठी हे कोणी विचारलं तर गप्प बसतो.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. मी ही कथा कौतुकाने सांगते, पण माझा मुलगा फायनलच्या परीक्षेला निघून मधल्याच स्टेशनवर उतरला असता, तर मी पाया पडले असते की पोलिसांत गेले असते? खरं सांगते, दुसरंच केलं असतं.

*पण आपण कुठे उतरणार?*

इथे आपल्यासारख्या संसारी माणसाचा प्रश्न येतो. सासूबाईंची गोळी आठ वाजता द्यायची आहे, फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जायचा आहे, आपण कोणत्या स्टेशनवर उतरायचं? विनोबा ब्रह्मचारी होते, त्यांना जमलं, असं म्हणून आपण मोकळे होतो.

म्हणून मी यावेळी विनोबांकडे न बघता त्यांच्या आईकडे बघितलं. रुक्मिणीबाई. त्या कुठेही उतरल्या नाहीत. घर, चूल, मुलं, नवऱ्याची नोकरी, सगळं तुमच्या-माझ्यासारखंच. तरी विनोबा जन्मभर सांगत राहिले की माझ्या घडणीत आईचा वाटा सगळ्यात मोठा. त्यांनी सांगितलेल्या आईच्या आठवणी बघा, किती साध्या आहेत!

गागोद्याच्या घरी फणस होता. फळ पिकून कापलं की पहिले गरे शेजारच्या घरोघरी द्यायला मुलांना पाठवायचं, मग आपण खायचं. मुलांना धीर निघत नसणारच! पण क्रम तोच.

दुसरी आठवण. शेजारीण गावाला गेली की तिच्या घरचा स्वयंपाकही रुक्मिणीबाई करून देत. छोट्या विनायकाने एकदा चिडवलं, आई, तू स्वार्थी आहेस, आधी आपला स्वयंपाक करतेस मग त्यांचा. आई म्हणाली, अरे, त्यांचा आधी केला तर जेवायच्या वेळेपर्यंत गार होईल. त्यांना गरम मिळावं म्हणून नंतर करते. बघा, सेवा हा शब्द तिने उच्चारलाही नाही, पण तो ताटात गरम पोहोचला.

तिसरी आठवण मला सगळ्यात जास्त लागली. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम घेतला होता. रोज दाणे मोजत बसायच्या, एक-एक. विनोबांचे वडील नरहरराव हिशोबी, शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, असं कशाला? एक तोळा तांदूळ घे, त्यात किती दाणे बसतात मोज, त्यावरून लाखाला किती तोळे लागतील ते काढ, कमी पडू नये म्हणून अर्धा तोळा जास्त घाल. झालं! हिशोब बरोबरच होता. आईला उत्तर सुचेना. संध्याकाळी मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला की आई, हे गणित नाही, ही भक्ती आहे. दाणागणिक देवाचं नाव मनात येतं, म्हणून एकेक दाणाच मोजायचा. आईला ते पटलं.

*आता माझी वही*

ही गोष्ट वाचून मी वही मिटली आणि नेमकी दुसरी वही समोर आली.

आमचा छोटा जॉबवर्कचा धंदा आहे. मार्केटमधून साड्या आणायच्या, आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या बायकांना स्टोन आणि लेस लावायला द्यायच्या, तयार माल परत पोहोचवायचा. यजमान बाहेरचं बघतात, हिशोबाची वही मी लिहिते. त्या वहीत एक रकाना आहे, डॅमेज. साडीवर डाग पडला, धागा ओढला गेला, इस्त्रीचा चटका बसला, तर व्यापारी आमच्या बिलातून कापतो आणि आम्ही त्या बाईच्या मजुरीतून कापतो. सगळीकडे अशीच रीत आहे, कोणाला काही वाटत नाही.

त्या दिवशी मी सहज दिवाळीच्या सीझनची पानं उलटली. व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. आणि दिसलं की अकरा साड्यांचं डॅमेज मी बायकांच्या नावावर लिहिलं होतं, पण व्यापाऱ्याने त्यातलं आमच्याकडून काहीच कापलेलं नव्हतं. घाईच्या दिवसांत माल तसाच खपून गेला होता. एकूण रक्कम तेराशे चाळीस रुपये. ते पैसे आमच्याकडेच राहिले. मी मुद्दाम चोरी केली नव्हती. "अंदाजे" कापलं होतं, कमी पडू नये म्हणून थोडं जास्तच. त्या अर्ध्या तोळ्यासारखं! फरक एवढाच की नरहररावांचा जास्तीचा अर्धा तोळा देवाच्या बाजूला जाणार होता, माझा माझ्याच गल्ल्यात पडला.

त्याच महिन्याच्या पानावर खाली लिहिलेलं होतं : अन्नदान, अकराशे रुपये.

ताई-दादांनो, मी बराच वेळ तशीच बसून राहिले. त्या मजुरीवाल्या मावश्या दुपारची भांडी आवरून, जमिनीवर साडी पसरून, एकेक स्टोन चिकटवतात. एकेक. एकही स्टोन वाकडा गेला की आम्ही परत पाठवतो. त्यांनी दाणे मोजायचे आणि मी मात्र अंदाजे कापायचं.

माझ्या पाच मूल्यांच्या यादीत प्रामाणिकपणा दुसऱ्या नंबरवर होता.

मग मी स्वतःला विचारलं, अन्नदानाचे अकराशे देताना हात का आखडला नाही, आणि हे तेराशे घेताना मन का टोचलं नाही? उत्तर सापडलं ते चांगलं नव्हतं. अन्नदानाचं नाव ग्रुपवर येतं, सगळे हात जोडतात. डॅमेजचा रकाना कोणी वाचत नाही. म्हणजे माझं खरं मूल्य सेवाही नव्हतं आणि प्रामाणिकपणाही नव्हतं. *लोकांनी मला चांगलं म्हणावं*, हे माझं मूल्य होतं. त्याची किंमत मी नियमित मोजत होते. यादीत ते कुठेच नव्हतं.

सद्गुरू म्हणतात ना, आरसा पुसायच्या आधी त्यात बघावं लागतं. तसं झालं.

*घरातलं बोलणं*

पैसे परत द्यायचे ठरवलं, पण एकटीने कसं? धंदा दोघांचा. रात्री जेवण झाल्यावर विषय काढला. हे म्हणाले, "अगं, एकदा परत दिलंस की दर वेळी मागतील. धंदा आहे तो, देऊळ नाही." मी चिडले नाही असं नाही. मनात आलं, म्हणावं की मग सत्संगाला तरी कशाला येता? पण जीभ आवरली, आणि बरं झालं.

कारण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. त्यांच्याकडेही एक मूल्य आहे, ते म्हणजे घर चालणं. मुलीच्या फीच्या वेळी रात्र-रात्र जागून त्यांनी माल पोहोचवला आहे. मूल्यांचा खरा पेच चांगल्या-वाईटात नसतोच, तिथे निवड सोपी असते. पेच दोन चांगल्या गोष्टींमध्ये असतो. माझा न्याय आणि त्यांची जबाबदारी. अशा वेळी "माझं मूल्य" म्हणून काठी उगारली तर समोरचा फक्त डोकं वाचवतो, ऐकत नाही.

विनोबांच्याच आयुष्यातला एक प्रसंग मला या बाबतीत अजून पचत नाही. 1918 साली आई गेली, तेव्हा अंत्यसंस्कार भटजींकडून नकोत, मी माझ्या हातांनी करीन, असं त्यांनी सांगितलं. घरच्यांना ते मान्य झालं नाही. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. स्नान करून वेद वाचायला बसले. जिच्यावर एवढं प्रेम, तिच्या शेवटच्या वाटेला ते नव्हते. तत्त्वाला पक्के राहिले, हे खरं. पण त्या दिवशी वडिलांना काय वाटलं असेल, हे मी एक आई म्हणून विचार केल्याशिवाय राहू शकत नाही. मूल्याची किंमत दर वेळी आपण एकटेच मोजत नाही, घरातलं दुसरं कोणीतरीही मोजतं. म्हणून तत्त्वाला धरून राहतानाही त्या माणसाकडे बघायला हवं.

मात्र त्याच मुलाने आईचं दुसरं एक देणं कसं फेडलं तेही सांगते. संस्कृत गीता समजत नाही, मराठीत हवी, असं आई म्हणाली होती, आणि तूच का नाही करत, असं मुलालाच म्हणाली होती. आई गेली. बारा वर्षांनी, 7 ऑक्टोबर 1930 ला विनोबा गीताई लिहायला बसले आणि 6 फेब्रुवारी 1931 ला पूर्ण केली. पुढे 1932 मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी कैद्यांना गीता सांगितली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. ऐकणारी आई नव्हती, कौतुक करायला ती येणार नव्हती, तरी शब्द पाळला. माझ्या मते हीच मूल्याची खरी परीक्षा : बघणारं कोणी नसताना, आणि उशीर झाला तरी.

आमच्या घरी तीन-चार दिवस बोलणं चाललं. शेवटी दोघांना चालेल असं ठरलं. ते तेराशे चाळीस परत करायचे. आणि यापुढे डॅमेज कापायचं ते व्यापाऱ्याची चिठ्ठी असेल तरच, आणि ती चिठ्ठी त्या बाईला दाखवून.

पैसे द्यायला गेले तेव्हा वाटलं होतं, मावश्या गहिवरतील. तसं काही झालं नाही. एकीने मोजून कनवटीला लावले. दुसरी म्हणाली, "काकी, मागच्या वर्षीचे पण होते का?" मला घाम फुटला. मागच्या वर्षीच्या चिठ्ठ्या मी ठेवलेल्याच नव्हत्या. तिला तसं सांगितलं आणि माफी मागितली. ती काही बोलली नाही. तो प्रश्न अजून माझ्याकडेच आहे.

नव्या नियमाचा त्रासही झाला. दोन महिन्यांनी एका साडीला चटका बसला, व्यापाऱ्याची चिठ्ठी उशिरा आली, तोवर मजुरी देऊन झाली होती. तोटा आमच्या अंगावर. यजमान माझ्याकडे बघून फक्त हसले. पण पुढच्या वेळी चिठ्ठी मागायला स्वतःच व्यापाऱ्याकडे थांबले. मी काही बोलले नाही. फक्त चहात आलं जरा जास्त घातलं.

*या आठवड्यात घरी करायचं*

यावेळी यादी लिहू नका. यादी सगळ्यांची छान येते. त्याऐवजी :

एक. घरखर्चाची किंवा धंद्याची वही, नाहीतर मोबाइलमधले पेमेंट, मागच्या एका महिन्याचे बघा. पैसा कुठे गेला, आणि कोणाचा कापला गेला. कामवाल्या ताईच्या खाड्यांचा हिशोब विशेष बघा.

दोन. मागच्या आठवड्यातले दोन-तीन तास असे शोधा की ज्यांवर फक्त तुमचा हक्क होता. ते कुठे गेले? "मुलं माझं सर्वस्व" म्हणणाऱ्या हातात तेव्हा मोबाइल होता की मुलाची वही?

तीन. अशी एक गोष्ट शोधा जी तुम्ही सत्संगात सांगू शकणार नाही. ग्रुपवर टाकू नका. फक्त स्वतःशी नाव घ्या. बहुतेक तिथेच आपलं खरं मूल्य लपून बसलेलं असतं, आणि जे हवं आहे पण अजून नाही, तेही तिथेच सापडतं.

मग एकच गोष्ट बदला. पाच नको. मोठं स्टेशन गाठायची गरज नाही. रुक्मिणीबाईंनी फणसाच्या गऱ्यांचा फक्त क्रम ठरवला होता. मुलांनाही यात घ्या, पण त्यांना तपासू नका. आपली वही आधी त्यांना दाखवा. माझ्या मुलीने डॅमेजचा रकाना बघितला आणि म्हणाली, "आई, मी पण मैत्रिणीकडून कॅन्टीनचे जास्त घेतले होते." मी विचारलं नव्हतं.

आता सुरत स्टेशनवरून गाडी पकडताना मला तो वीस वर्षांचा मुलगा आठवतो. पण त्याहून जास्त आठवते ती बडोद्यात, मागे घरी राहिलेली त्याची आई, तांदळाचे दाणे एकेक करून मोजणारी. आपल्यापैकी फार थोड्यांना त्या मुलासारखं उतरता येईल. दाणे मोजणं मात्र आपल्या सगळ्यांच्या हातात आहे, आजच्या संध्याकाळपासून.

सद्गुरूंच्या चरणी हीच प्रार्थना की आपल्या तोंडातली यादी आणि आपल्या वहीतली यादी एक होवो.

श्री गुरुदेव!

– आपलीच एक सेवेकरी ताई, सुरत